तेरा हजारांचा हप्ता, पंचवीस हजारांची गाडी

माझ्या आतेभावाने २०२३ च्या दसऱ्याला गाडी घेतली. पांढरी, एमएच १३ पासिंगची, बोनेटवर झेंडूचा हार. शोरूममधून ती थेट सिद्धेश्वराच्या देवळापाशी आणली, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आत्याने पदराने डोळे पुसले. २०२६ च्या जानेवारीत, सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला असताना, ती गाडी विकली गेली. विकून हातात काही आलं नाही. उलट सुटका करून घ्यायला त्यालाच जवळपास ६८ हजार रुपये भरावे लागले.

मी सोलापुरात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. आकड्यांचं मला वावडं नाही, तरी त्याच्या गाडीचे कागद माझ्यापुढे आले ते सगळं होऊन गेल्यावर, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. "गाडी विकल्यावर पैसे यायचे सोडून द्यावे कसे लागतात?" एवढंच तो विचारत होता. हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो, म्हणून त्याला विचारून त्याचेच आकडे इथे मांडतो, जागोजागी थोडे गोल करून.

गाडीची एक्स-शोरूम किंमत होती ८ लाख २० हजार. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के वाहन कर एकरकमी भरावा लागतो, ते झाले ९० हजार. २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्याचेच १०,६४० रुपये. त्यात आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, नोंदणी, फास्टॅग, सीट कव्हर मिळवलं आणि गाडी ऑन-रोड ९ लाख ६० हजारांना पडली. यातले वरचे १ लाख ४० हजार गाडी विकताना परत येत नाहीत, हे तेव्हा कुणी बोललं नाही. जुनी गाडी घेणारा गाडीचे पैसे देतो, तुम्ही भरलेल्या कराचे देत नाही.

बँकेने ८ लाख दिले, साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. उरलेल्या १ लाख ६० हजारांपैकी ६० हजार भिशीचे होते. १ लाख पतसंस्थेतून काढले, १३ टक्क्यांनी, तीन वर्षांच्या मुदतीने. जामीनदार म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्याच्याच टॉवेल कारखान्यातले दोन सहकारी उभे राहिले.

आता हप्ता. बँकेचा हप्ता आला १३,०७५ रुपये. हप्त्यात दोन भाग असतात, व्याज आणि मुद्दल. व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागतं, त्यामुळे सुरुवातीला मुद्दल मोठं असतं तेव्हा व्याजही मोठं असतं. त्याच्या पहिल्या हप्त्यातले ६,३३३ रुपये व्याजाचे होते. मुद्दल फिटलं फक्त ६,७४२ रुपयांचं. हेच कर्ज पाच वर्षांचं घेतलं असतं तर हप्ता १६,८०० आला असता, पण एकूण व्याज २ लाख ८ हजारांवर थांबलं असतं. सात वर्षांत ते २ लाख ९८ हजार होतं. मुदत लांबवली की हप्ता हलका होतो आणि गाडी ९० हजारांनी महाग होते. शोरूममधला माणूस "सर, महिन्याला किती बसेल?" एवढंच विचारतो, आणि आपणही त्याच प्रश्नाचं उत्तर देत बसतो.

काही ठिकाणी व्याज "फ्लॅट" सांगतात, तिथे जपून. फ्लॅट ६ टक्के म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ ८ लाखांवरच व्याज. सात वर्षांच्या मुदतीला ते आपल्या नेहमीच्या हिशेबाने साडेदहा टक्क्यांच्याही वर जातं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट देणं सक्तीचं केलंय. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागून घ्या आणि घरी आणून वाचा.

भावाचा पगार तेव्हा ३२ हजार होता, त्यात ६ हजार ओव्हरटाइमचे. वहिनी खाजगी शाळेत शिकवते, तिचे १४ हजार. घरात ४६ हजार येतात आणि हप्ता १३ हजारांचा आहे, म्हणजे उत्पन्नाच्या २८ टक्के. बँकेच्या नजरेने हे आरामात बसत होतं. पण बँक बघते ती आपले पैसे परत येतील का एवढंच. तुमच्या घरात महिनाअखेरीला भाजी येईल का, हे बघणं तिचं काम नाही. शिवाय पतसंस्थेचं कर्ज बऱ्याचदा सिबिलच्या, म्हणजे कुणाचं किती कर्ज आणि ते कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात दिसतच नाही, त्यामुळे दुसऱ्या हप्त्याची तिला खबरही नसते.

गाडीचा महिन्याचा पूर्ण खर्च आम्ही दोघांनी एका वहीत मांडला. हप्ता १३,०७५. महिन्याला ७०० किलोमीटर फिरणं, एसी लावून १५ चं ॲव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ४,९००. सर्व्हिसिंग वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला १,०००. विम्याचं नूतनीकरण वर्षाला २० हजार, म्हणजे १,७००. टायर आणि बॅटरी रोज लागत नाहीत, पण लागतात तेव्हा २५ हजारांचा घास घेतात. त्यासाठी महिन्याला ६००. भवानी पेठेतल्या त्याच्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून एका मोकळ्या प्लॉटवर जागा घेतलेली, तिचं भाडं ५००. धुणं, टोल, पंक्चर मिळून ४००. बेरीज २२,१७५. त्यात पतसंस्थेचा ३,३७० रुपयांचा हप्ता मिळवा. साडेपंचवीस हजार.

वही बघून तो गप्प झाला. तो दोन वर्षं सगळ्यांना "गाडी तेरा हजाराला पडते" असं सांगत होता, आणि त्याला स्वतःलाही ते खरं वाटत होतं. विमा, टायर, सर्व्हिसिंग हे खर्च वर्षातून एकदा येतात, त्यामुळे ते गाडीच्या खात्यात न जाता "या महिन्यात जरा ओढाताण झाली" या खात्यात जातात. असे महिने वर्षात चार-पाच येतात.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला येतो आणि दर वेळी तेवढाच असतो. सोलापुरातली कमाई तशी येत नाही. यंत्रमागावर ऑर्डर असली की रात्रपाळी चालते, नसली की माग उभे राहतात. विडी कामगाराच्या घरात हजार विड्यांमागे मजुरी येते, बोटं चालली तर. नवी पेठेतल्या कापड दुकानदाराचं वर्ष लग्नसराई आणि दिवाळीवर उभं असतं. आषाढात गिऱ्हाईक मोजून घ्यावं लागतं. मंगळवेढ्याचा किंवा माढ्याचा ऊसवाला कारखान्याच्या बिलाची वाट बघत असतो. खर्चसुद्धा असाच गठ्ठ्याने येतो: जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या, मग गणपती, मग दिवाळी, मध्येच कुणाचं तरी दवाखान्याचं. चांगल्या महिन्यातली शिल्लक वाईट महिन्याला पुरवायची, हे आपल्या आया-आज्या डब्यात पैसे ठेवून पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. न परवडणारी गाडी नेमकी ती शिल्लक खाते. चांगला महिना जेमतेम जातो आणि वाईट महिन्यासाठी डब्यात काही उरत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. भावाच्या कारखान्याचे टॉवेल परदेशी जातात. ऑर्डरी थबकल्या आणि सप्टेंबरपासून ओव्हरटाइम बंद झाला. ३२ हजारांचे २६ झाले. नोकरी गेली नव्हती, घरात कुणी आजारी नव्हतं. फक्त ६ हजार कमी झाले. पण ४० हजारांतून साडेपंचवीस गाडीला गेल्यावर उरतात साडेचौदा, आणि त्यात पाच माणसांचं घर. तुमचं उत्पन्न मोजताना ओव्हरटाइम, बोनस, कमिशन बाजूला ठेवा, असं मी का सांगतो ते यावरून लक्षात यावं.

मग त्याने सप्टेंबरमध्येच गाडी का विकली नाही? याचं उत्तर समजायला जरा वेळ द्यावा लागतो, पण सगळी मेख तिथेच आहे.

गाडीची किंमत आणि कर्जाची बाकी, दोन्ही खाली उतरतात. पण वेगवेगळ्या चालीने. गाडी सुरुवातीला झपाट्याने उतरते. कर्ज सुरुवातीला हळू उतरतं, कारण पहिले हप्ते व्याजातच जिरतात. किंमत मोजायला विमा कंपन्यांची घसाऱ्याची पट्टी घेऊ. बाजारभाव थोडा इकडेतिकडे असतो, पण अंदाजाला ती चालते. एक्स-शोरूम किमतीतून वर्ष उलटल्यावर २० टक्के वजा, दोन वर्षं उलटल्यावर ३०, तीन उलटल्यावर ४०, चार उलटल्यावर ५०. या पट्टीने भावाची गाडी वर्षभराने ६ लाख ५६ हजारांची होती आणि कर्ज बाकी होतं ७ लाख १५ हजार. दोन वर्षांनी गाडी ५ लाख ७४ हजार, बाकी ६ लाख २२ हजार. तीन वर्षांनी ४ लाख ९२ हजार आणि ५ लाख २० हजार. चार वर्षांनी कुठे दोन्ही आकडे ४ लाख १० हजारांच्या आसपास भेटतात. म्हणजे सातपैकी पहिली चार वर्षं गाडी विकली तरी कर्ज फिटत नाही. या काळात अडचण आली तर गाडी ठेवणं परवडत नाही आणि सोडणंही परवडत नाही.

गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार मोडली तरी हेच. विमा कंपनी देते ती या घसरलेल्या किमतीएवढी रक्कम, आणि त्यातून आधी बँकेचं देणं भागतं. गाडी नाही, तरी बाकीचे पैसे तुमच्या माथ्यावर राहतात. रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचं, गाडीच्या बिलाएवढी रक्कम देणारं जादा संरक्षण यासाठीच असतं; कर्ज मोठं असेल तर पहिली काही वर्षं ते घ्यावं असं माझं मत आहे.

भावाच्या बाबतीत आणखी एक भर पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, सेसही गेला. घेणाऱ्यांच्या दृष्टीने चांगलं झालं. पण ८ लाख २० हजारांची तीच गाडी नवी कोरी साडेसातला मिळायला लागली, त्यामुळे जुनीचा भाव आणखी पडला.

तो थांबला, वाट बघितली, आणि नोव्हेंबरचा हप्ता बाउन्स झाला. बाउन्सचा दंड आपल्या बँकेचा वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा. उशीर सिबिलमध्ये दिवसांसकट नोंदला जातो. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्यातल्या कलम २५ खाली, चेक बाउन्ससारखीच फौजदारी कारवाई होऊ शकते. ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, आणि मग गाडी ओढून नेण्याची वेळ येते. ओढून नेलेली गाडी लिलावात पडत्या भावाला जाते आणि राहिलेली तूट कर्जदाराकडूनच वसूल होते. "गाडी घेऊन जा आणि मला मोकळं करा" असं होत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, अपमान आणि दमदाटी करायची नाही, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. कुणी तसं केलं तर फोनची वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा.

त्याला बँकेपेक्षा जास्त झोप उडवली ती पतसंस्थेच्या हप्त्याने, कारण तिथे दोन मित्रांच्या सह्या होत्या. आपल्याकडे "नुसती सही कर रे, मी भरतोय की" म्हणून जामीन राहतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. त्याची पाळी नंतर येईल, आधी कर्जदाराला पिळून घेतील, असं त्यात काही नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते तो दोघांवरही चालतो. दुसऱ्याच्या गाडीपायी यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा पगार कापला जाऊ शकतो. भाऊ रात्री उठून बसायचा तो यामुळे.

याच काळात ओळखीच्या एकाने त्याला एक तोडगा सुचवला, आणि तो सोलापुरात सर्रास चालतो म्हणून मुद्दाम लिहितो. "नोटरी करू. गाडी मी नेतो, पुढचे हप्ते मी भरतो, कर्ज फिटलं की नावावर करून घेतो." ऐकायला सोपं, आणि बुडणाऱ्याला हात मिळाल्यासारखं वाटतं. पण आरसी, म्हणजे गाडीचा नोंदणीचा कागद, तुमच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर, आणि गाडी दुसऱ्याच्या दारात. त्याने हप्ता चुकवला तर सिबिल तुमचं जाणार. त्याने कुणाला उडवलं आणि विमा नसेल, तर भरपाई आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलंय. शिवाय बँकेकडे तारण असलेली गाडी तिला न विचारता दुसऱ्याला देणं हा कराराचा भंग आहे. भावाने हे केलं नाही, याचं सगळं श्रेय वहिनीला. तिने विचारलं, "त्याच्याकडे हप्त्याला पैसे आहेत तर तो स्वतः कर्ज का काढत नाही?"

रीतसर वाट लांब आहे, पण ती आहे. आधी बँकेकडून कर्जबंदीचं पत्र घ्यायचं, म्हणजे अमुक तारखेला एवढे भरले की खातं बंद. व्याज रोज चढतं, म्हणून पत्रावरची तारीख बघायची. घेणाऱ्याने पैसे थेट कर्ज खात्यात भरायचे. मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या तारणाची नोंद, उतरवायची, आणि फॉर्म २९ व ३० वर गाडी नव्या माणसाच्या नावावर करायची. भावाला गिऱ्हाईक मिळालं ५ लाख ६० हजारांचं. २६ हप्ते भरून बाकी होती ६ लाख ६ हजार. करारात मुदतीआधी फेडीचे ३ टक्के होते, त्यावर जीएसटी, मिळून साडेएकवीस हजार. ४६ हजारांची तूट आणि हे साडेएकवीस, असे ते जवळपास ६८ हजार. वहिनीच्या दोन पाटल्या मोडल्या.

एवढ्यावर सुटला, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगतो. विकली नसती तर पुढची पाच वर्षं हेच चाललं असतं, आणि मध्ये कुठेतरी हप्ता भरायला ॲपवरून कर्ज, ते फेडायला सोनेतारण, अशी माळ लागली असती. ती माळ मी दुकानदारांच्या वह्यांमध्ये बघितली आहे. हप्ता जमणार नाही असं दिसताच, तारीख यायच्या आत शाखेत जाऊन मुदत वाढवून मागणं कितीतरी बरं. बाउन्स होण्याआधी गेलेल्या माणसाशी बँक वेगळ्या सुरात बोलते.

तुम्ही अजून घेतली नसेल, तर एक तालीम करून बघा. मनातल्या गाडीचा पूर्ण खर्च काढा, हप्ता, पेट्रोल, विमा, टायर, सगळं धरून. तेवढी रक्कम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याच्या ५ तारखेला आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, टाका. शाळेची फी, गणपती, दिवाळी यांतून ती न मोडता निघाली तर गाडी तुम्हाला पेलते, आणि २२ हजारांच्या हिशेबाने डाउन पेमेंटला १ लाख ३२ हजार जमलेले असतात. ऑगस्टमध्येच मोडावी लागली तर तेही कळलं, आणि कुणाची सही अडकली नाही.

गाडी घेऊ नका, असं मला म्हणायचं नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ च्या वर जातो. म्हाताऱ्या आईला दुपारी रिक्षातून दवाखान्यात नेताना मुलाच्या मनाला जे होतं ते मला कळतं. आत्याचे गुडघे दुखतात, गाडीचा विचार तिथूनच सुरू झाला होता. आता तुळजापूरला, अक्कलकोटला भाड्याची गाडी करतात. दिवसाचे ४ हजार धरले आणि महिन्याला दोनदा गेले तरी ८ हजार होतात, आणि ज्या महिन्यात नाही जमलं त्या महिन्यात शून्य.

मार्चमध्ये गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली. पतसंस्थेचे हप्ते २०२६ च्या नोव्हेंबरपर्यंत आहेत. दर महिन्याला हप्ता भरला की तो पावतीचा फोटो दोन्ही जामीनदारांना पाठवतो.